पोतोकाकांची लाइन

पोतोकाकांना कुठलंही अंतर विचारलं की ते खांबांत सांगायचे. चिनी माणसाचं दुकान सात खांब. शाळा बारा. बसचा थांबा चार, पण डोक्यावर ऊन असेल तर सहा. इथल्या क्रिओल बोलीत खांबाला पोतो म्हणतात, म्हणून आमच्या बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावात लहानथोर त्यांना पोतोकाका म्हणत आणि त्यांचं खरं नाव मतदार यादीपुरतं उरलं होतं. उभा जन्म त्यांनी सरकारी रस्त्याच्या कामावर काढला होता. रस्त्याच्या कडेने खांब उभे राहताना इतकी वर्षं पाहिले की दोन खांबांमधलं अंतर त्यांच्या पायांतच बसलं होतं. चव्वेचाळीस पावलं. निवृत्त झाल्यावरही चालताना त्यांचे ओठ हलत असत. नव्या माणसाला वाटे, म्हातारा देवाचं नाव घेतोय. ते पावलं मोजत असायचे.

"काका, आपली गल्ली केवढी लांब आहे हो?" एकदा मी सहज विचारलं.

ते थांबले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ते कोणालाच ठाऊक नाय, बाय. गल्लीत पोतो कुठं हाय?"

हे त्यांनी विनोदाने म्हटलं नव्हतं. सत्तरच्या दशकात आमच्या गावाच्या मोठ्या रस्त्याने खांब गेले, पण गल्लीच्या तोंडाशी आले आणि तिथेच थांबले. गल्लीत वीज होती, पण ती या घराच्या भिंतीवरून त्या घराच्या भिंतीवर अशी कडेकडेने चोरपावलांनी आलेली. दिवे लागत, रेडिओ वाजे, एवढंच. खांब नाही म्हणून टेलिफोन नाही, आणि खांब नाही म्हणून मशिनांना लागते ती थ्री फेज वीजही नाही. आणि धंदे मात्र सगळे याच गल्लीत! माझी स्वेटर विणायची शेड होती, चौदा बायका कामाला. समोर बेकरी. पुढे वेल्डिंगवाला. बेकरीवाल्याने कणीक मळायचं यंत्र सुरू केलं की माझ्या मशिनांचा आवाज बारीक व्हायचा, आणि वेल्डिंगवाल्याने ठिणगी पाडली की आम्हा दोघांचंही काम ठप्प. त्या काळाबद्दल लिहायला बसलं की मला आधी दमायलाच होतं.

पोतोकाकांचा स्वतःचा धंदा काहीच नव्हता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी रोझ बेल गावात दिलेली, घरी एक खाट आणि परसात मिरचीची चार रोपं. तरी या तिन्ही धंद्यांची वीज त्यांनीच वाटून दिली. बेकरीवाल्याने उजाडायच्या आत मळून घ्यायचं, सकाळभर मी, दुपारी जेवण झाल्यावर वेल्डिंग. कोणी वेळ मोडली की काका दारात येऊन उभे. भांडायचे नाहीत. नुसते उभे राहायचे आणि समोरच्याला लाज वाटेपर्यंत हलायचे नाहीत. एकदा वेल्डिंगवाला चिडून म्हणाला, "काका, तुम्हाला काय करायचंय? तुमच्या घरात तर एक दिवा जळतो!" काका म्हणाले, "म्हणून तर. मला घाई नाय. घाई नाय त्यानंच वाटावं."

गावात लोकांच्या कामाला येईल असा टेलिफोन एकच, चिनी दुकानात, तांदळाच्या पोत्यांच्या मागे. मला काम देणारा एजंट कारखान्यातून तिथे फोन करायचा: अमुक रंगाची लोकर पाठवतोय, तमुक माल परवा तयार ठेवा, जमेल की नाही आत्ताच सांगा. दुकानदार बिचारा गल्ला सोडून सात खांब चालत कसा येणार? ते काम काकांनी अंगावर घेतलं. जेवून झालं की ते दुकानाच्या बाकावर जाऊन बसत. फोन आला की निरोप ऐकायचा आणि निघायचं. साधारण चारच्या सुमाराला ते माझ्या दारात येत.

आणि निरोप द्यायची त्यांची तऱ्हा काय सांगू! दारात उभं राहून ते आधी "अलो" म्हणायचे. समोर मी दिसत असताना! मग एजंट जे बोलला ते त्याच्याच फ्रेंच ढंगात, त्याच्या खोकल्यासकट. मग गप्प. मी म्हणायची, "काका, आत या, बसा, चहा घ्या, मी विचार करून सांगते." ते मान हलवायचे. "लाइन चालू हाय, बाय. बोल लवकर. बसलो की लाइन अडते." मी उत्तर दिलं की ते ओठांत दोनदा घोळवायचे, ठीक अशा अर्थी "कोरेक. ठेवतो," म्हणायचे आणि पाठ फिरवून चालू लागायचे. इतक्या वर्षांत ते माझ्या शेडमध्ये एकदाही बसले नाहीत. आमच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायची. पण त्या म्हाताऱ्या पायांच्या जोरावर चौदा घरांच्या चुली पेटत होत्या, हे हसताना माझ्या ध्यानात यायचं नाही.

गल्लीत खांब यावेत म्हणून काकांनी राजधानीत, पोर्ट लुईच्या वीज कचेरीत किती खेटे घातले याची गणती नाही. बस बदलत जायचं, जिन्याजवळच्या बाकावर बसायचं आणि खिडकीतल्या माणसाचं "पुढल्या सोमवारी या" ऐकून परत यायचं. अर्जावर सह्या आमच्या, चपला झिजल्या त्यांच्या. मी कधी चिडून म्हणायची, "काका, सोडा ना आता. नाही येणार खांब." ते म्हणायचे, "रस्ता पण येणार नव्हता. मीच केला ना?"

शेवटी एकदा खिडकीतून बातमी आली की मोजणीची माणसं येणार आहेत. कोणत्या दिवशी ते सांगत नव्हते, पण येणार. काका त्या दिवशी बसमधून उतरले ते धावतच. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठचे हिरवे बांबू तोडून आणले आणि गल्लीच्या डाव्या कडेने चव्वेचाळीस चव्वेचाळीस पावलांवर रोवले. अकरा बांबू. मोजणीच्या लोकांना डोकं चालवायला नको, बांबू दिसला की तिथे खूण करायची, असा त्यांचा हिशोब. मोठ्या समाधानाने त्यांनी मला गल्लीची लांबी सांगितली. "अकरा पोतो, बाय. आता ठाऊक झालं."

मग त्यांना वाटलं, हिरव्या कुंपणात हिरवा बांबू कोणाला दिसणार? ते माझ्याकडे आले. "लाल चिंधी हाय काय?" मी त्या आठवड्यात लाल स्वेटरांचं काम करत होते. कतरणीचं पोतंच त्यांच्या हातात दिलं. प्रत्येक बांबूच्या शेंड्याला त्यांनी लाल तुकडा बांधला. लांबून गल्ली इतकी देखणी दिसत होती की बेकरीवाल्याने बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या.

या बेटावर राहिलेल्या कोणालाही पुढचं सांगायची गरज नाही. भोजपुरी घरांच्या अंगणात उंच बांबूवर लाल झंडी असते. ती हनुमानाची, पूजा करून उभारलेली. तिला कोणी हात लावत नाही, तिच्यावरून तार नेत नाही. आम्हा मराठी लोकांच्या घरी झंडी नाही. आमची गुढी, तीही एका दिवसाची, संध्याकाळी उतरवून ठेवायची. रोज शेजारच्या अंगणातली झंडी पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो, तरी ना काकांच्या डोक्यात आलं, ना माझ्या. बांबू आणि लाल कापड म्हणजे खूण, एवढंच आम्हाला दिसलं.

मोजणीची माणसं आली त्या दिवशी काका गावात नव्हते. मोजणीची माणसं कधी येणार हे विचारायला ते पोर्ट लुईला गेले होते.

मी खिडकीत होते. चार माणसं गाडीतून उतरली. पुढचा मुकादम पहिल्या बांबूपाशी थबकला. त्याने वर पाहिलं, मग गल्लीभर नजर टाकली, आणि डोक्यावरची टोपी काढून हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले. मला वाटलं, किती सभ्य माणसं आहेत, गल्लीला नमस्कार करतायत! मीही खिडकीतून हात जोडले. थोडा वेळ ते आपसात कुजबुजले, मग गाडीत बसून मागच्या बाजूला गेले. मागे उसाची वाट आहे. कोणीतरी मोठा नवस फेडलाय, अकरा झंड्या लावल्यात, त्या उपटायचं पाप कोण घेणार, असं म्हणून त्यांनी सगळी लाइन त्या वाटेने आखली. हे आम्हाला कळलं ते दोन महिन्यांनी, उसात खांब उभे राहिले तेव्हा. त्या वाटेवर दोन घरं होती आणि बैलांचा एक गोठा.

काका उसाच्या कडेला उभं राहून ते खांब बघत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. चिंध्या माझ्याच होत्या.

"मोजून घातलेत," ते म्हणाले. "चव्वेचाळीस पावलं. काम चांगलं हाय."

मग ते तिथेच बांधावर बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या सोमवारी ते परत कचेरीत गेले. त्या झंड्या नव्हत्या, असं त्यांनी सांगितलं. मग काय होतं, असं खिडकीतल्या माणसाने विचारलं. "पोतो," काका म्हणाले. वाईट नव्हता तो माणूस. त्याने समजावून सांगितलं की फाइल आता बंद झाली, नवा अर्ज करावा लागेल आणि नव्या अर्जाचा नंबर नव्याने लागेल. काकांनी नवा अर्ज आणला, आम्ही परत सह्या केल्या. सही करताना माझ्या हाताला इतका कंटाळा आला होता की माझं नाव मलाच वाचता येईना.

इकडे बांबूंचं निराळंच सुरू झालं. मोजणीवाल्यांनी हात जोडले ही बातमी गावात फिरली आणि एका सकाळी कोणीतरी तिसऱ्या बांबूपाशी जास्वंदीचं फूल ठेवलं. मग उदबत्ती आली. पलीकडच्या म्हाताऱ्या मावशी रोज पाणी घालू लागल्या, आणि पाणी मिळाल्यावर बांबू काय करणार, तीन बांबूंना पालवी फुटली. बेकरीवाला मुसलमान, पण तोही आपल्या दारातल्या बांबूला पाव खपवणारा बांबू म्हणू लागला. काकांना ते काढून टाकायचे होते. पण जवळ गेले की कोणीतरी डोळे मिटून उभं असायचं. "मीच रोवले आणि मलाच उपटता येईनात," ते म्हणायचे. "की पू फेर, बाय?" काय करणार, असं क्रिओलमध्ये म्हणून ते पुढे चालू लागायचे. निरोप पोचवायचे असत.

पण आता निरोपांनी भागत नव्हतं. ऐंशीचं दशक उजाडलं आणि बेटावर जिकडे तिकडे कपड्यांचे कारखाने निघाले. एजंटांना थांबायला वेळ उरला नाही. एका पावसाळी दुपारी मोठ्या कामाचा फोन आला: हजारभर स्वेटर, आत्ता हो म्हणा. काका भर पावसात निघाले. वाटेत पाणी साचलेलं, वय झालेलं. ते दारात आले तेव्हा अंगावरून पाण्याचे ओघळ वाहत होते. "अलो," त्यांनी म्हटलं आणि सगळा निरोप बिनचूक दिला. मी हो म्हणाले. ते तसेच सात खांब मागे गेले. तोवर ते काम गुडलँड्स गावच्या एकाला गेलं होतं. त्याच्या टेबलावर टेलिफोन होता.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा काम गेल्याचं सांगायला काका परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मी हळू झालो, बाय."

त्यांच्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. मला राग आला नाही, नुसता थकवा आला. वीज वाटून घेण्याचा, फोनची वाट बघण्याचा, पुढल्या सोमवारचा. मी गुडलँड्सला एक जागा बघितली. तिथे टेलिफोन होता, थ्री फेज होती, दारात बस होती. चौदा बायकांपैकी सहा जणींनी दोन बस बदलून यायची तयारी दाखवली. बाकीच्या आठ जणींची मुलं लहान, सासवा म्हाताऱ्या. त्यांना मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. आठवू नये असंच काहीतरी सांगितलं असणार.

मशिनं ट्रकवर चढली त्या दिवशी काका शेडच्या दारात उभे होते. मला वाटलं, बोलतील. ते एवढंच म्हणाले, "जा. तार इकडं येईना, तर माणसानं तिकडं जावं. त्यात चूक काय नाय." मग हात पुढे केला. "चावी ठेव माझ्याकडं. उंदीर बघीन."

मी चावी दिली आणि सुटल्यासारखी ट्रकमध्ये बसले.

गुडलँड्सला माझं बरं चाललं. दोन वर्षांत मशिनं दुप्पट झाली. फोनवर बसायला शकुंतला नावाची बाई ठेवली, चाळिशीतली, शब्दाची पक्की, सांगितलेलं कधी न विसरणारी. एके दिवशी काका दोन बस बदलून तिथे आले. हातात फॉर्म होता. मी कारखान्याच्या साहेबाशी बोलत होते. "इथं सही, बाय," ते म्हणाले. मी बोलता बोलता सही केली. कशावर केली ते विचारलं नाही. ते उभ्यानेच आले आणि उभ्यानेच गेले. चहासुद्धा घेतला नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलाही नाही.

त्यानंतरच्या चतुर्थीला मी गावी गेले होते. त्याच आठवड्यात खांब रोवणारी टोळी गल्लीत आली. आता लाइन मंजूर झाली होती, ट्रकमध्ये खांब होते, खड्डे खणायची हत्यारं होती, आणि टोळी पहिल्या बांबूपाशी हात जोडून उभी! तिघांपैकी कोणीच पुढे होईना. "आजा, आम्ही नाही तोडणार," त्यांचा प्रमुख काकांना म्हणाला. "आमची पण पोरंबाळं आहेत." गल्लीतल्या बायका दारांत आल्या. पलीकडच्या मावशी रडू लागल्या. बेकरीवालासुद्धा म्हणाला, काका, माझ्या दारातला राहू द्या ना.

काका घरात गेले आणि ऊस तोडायचा कोयता घेऊन आले. पायांतल्या चपला काढल्या. पहिल्या बांबूसमोर हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "देव असंल तर माफ करंल. नसंल तर बांबू हाय." आणि घाव घातला. अकराही बांबू त्यांनी स्वतः तोडले. प्रत्येकापुढे हात जोडून. पालवी फुटलेल्या तिघांना वेळ लागला, मुळं खोल गेली होती. कोणी मदतीला गेलं नाही, मीही नाही. लाल चिंध्या तेवढ्या त्यांनी एकेक सोडून खिशात घातल्या. मग कोयता टेकवून ते माझ्याकडे वळले. घामाने डबडबलेले होते, पण हसत होते.

"आता लाइन येणार, बाय."

पुढचे दोन दिवस त्यांना सपाटून ताप होता. बायका म्हणाल्या, बघा, देवाला तोडलं. काका म्हणाले, "म्हाताऱ्यानं कोयता चालवला की ताप येतोच."

त्याच्या पुढच्या महिन्यात, दुपारी चार वाजता, गुडलँड्सला माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"अलो."

मी चक्रावले. तोच आवाज, फक्त दारातून न येता कानात आलेला. "काका? कुठून बोलताय?"

"तुझ्याच शेडमधनं. तुझ्या नावावर टेलिफोन घेतला. सही केलीस ना? गल्लीत लाइन यायला पाच अर्ज लागत होते, चारच होते." मग म्हणाले, "काम काय नाय. लाइन चालू हाय, एवढं सांगायचं होतं. ठेवतो."

मी हसले. शेडमधल्या बायकांना सांगितलं, सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता परत फोन. लाइन चालू हाय. तिसऱ्या दिवशीही. बेकरीवाल्याला फ्लाक गावातल्या हॉटेलातून फोन आला, रोजचे पाव ठरले, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. वेल्डिंगवाल्याने मोठं यंत्र आणलं, हेही. एकदा म्हणाले, "बाय, आज बसून बोलतो. स्टूल आणलाय." त्या दिवशी माझ्यासमोर परदेशी गिऱ्हाईक बसलं होतं. मी म्हणाले, "काका, नंतर," आणि ठेवला.

माझ्या शेडमध्ये इतकी वर्षं कधी न बसलेला माणूस बसलो म्हणून सांगत होता, आणि मी नंतर म्हणाले.

मग मी शकुंतलाला सांगून ठेवलं. चारचा फोन काकांचा असतो, त्यांना काम नसतं, मादाम बाहेर गेल्यात म्हणून सांगायचं. गोड बोलायचं, पण सांगायचं. ती रोज तसं सांगायची. संध्याकाळी माझ्या टेबलावर चिठ्ठी असायची: काका, लाइन चालू. कित्येक महिने त्या चिठ्ठ्या येत होत्या. मी त्या वाचतही नव्हते, हात लागला की बाजूला सारत होते. परत ये, असं ते कधीच म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी वाद घातला असता, आकडे दाखवले असते, हात झटकून मोकळी झाले असते. ते फक्त लाइन चालू आहे एवढं सांगत राहिले.

ते गेले तेव्हा सकाळी बेकरीवाल्याने माझ्या गुडलँड्सच्या घरी फोन केला. मी घरूनच परस्पर बस धरली, कामावर कोणाला काही सांगितलं नाही. दुपारी पुरुषमाणसं त्यांना घेऊन गेली आणि बायका मागे राहिल्या. रोझ बेलहून आलेली त्यांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. रडून तिचा चेहरा सुजला होता. "ताई, ही तुझी चावी," ती म्हणाली. "बाबा रोज जायचा तिकडं. झाडून यायचा."

मी शेडचं दार उघडलं. फरशी आरशासारखी स्वच्छ होती. भिंतीवर नवा मीटर होता, थ्री फेजचा, आणि मशिनं जिथे असायची त्या प्रत्येक जागी भिंतीतून एक जोडणी काढून ठेवली होती. मोजलं तर चौदा निघाल्या. एकही कमी नव्हती. कोपऱ्यात स्टूल, स्टुलासमोर फळीवर टेलिफोन, आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर लाल लोकरीचा एक तुकडा पांघरलेला. उन्हाने विटला होता तरी मी तो ओळखला. काका उंदीर बघत नव्हते. ते मला बोलावत होते, रोज चार वाजता, आणि मला ते कळायला त्यांना मरावं लागलं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

मी स्टुलावर बसले. चिंधी बाजूला केली. रिसीव्हर उचलला, लाइन चालू होती. गुडलँड्सला सांगावं की उद्या ट्रक पाठवा, सहा मशिनं तरी इकडे आणते, एवढंच डोक्यात होतं. नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजली, फोन उचलला गेला, आणि मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला. घड्याळाकडे माझं लक्ष नव्हतं. चार वाजले होते.

"काका ना?" शकुंतला अगदी गोड आवाजात म्हणाली. "मादाम नायत, काका. भायेर गेल्या. काय निरोप?"